चाचणीची ऑर्डर

कल्पना करा, तुम्ही एका लाकडी टेबलाशी बसला आहात. टेबलाचा एक पाय आखूड आहे, म्हणून त्याखाली दुमडलेला पुठ्ठा सरकवलेला आहे. समोर मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप. पडद्यावर लोकरीच्या टोपड्याचा फोटो, फोटोखाली एक हिरवं बटण आणि बटणावर दोन शब्द: ‘मागणी नोंदवा’. ते बटण तुम्ही स्वतः बनवलेलं आहे. शाळेतून आल्यावर, खेळायला न जाता, रोज थोडं थोडं करून. आता ते फक्त दाबायचं आहे.

अशीच बोट उचलून बारकी बसली होती.

"दाब की," दादा म्हणाला. तो पलंगावर उताणा पडून मोबाइल बघत होता. "बटण कुणीही बनवतं. ते चालतंय का हे बघायला डोकं लागतं."

"पण मला कुठे काय विकत घ्यायचंय?"

"म्हणूनच. गिऱ्हाईक होऊन बघायचं. खोटं नाव, खोटा पत्ता. ऑर्डर पोचली की काढून टाकायची. याला चाचणी म्हणतात. एवढंही माहीत नाही आणि निघाली वेबसाईट काढायला."

बारकी सातवीत होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत असेल तेवढंच. घरात ती बारकीच होती. वडील मालट्रकवर, महिन्यातून एकदा घरी यायचे. दादा कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता आणि वेबसाईट त्याला चुटकीसरशी करता आली असती. पण आईने त्याला दोनदा विचारलं, तेव्हा दोन्ही वेळा तो म्हणाला होता, "टोपडी विकायला वेबसाईट?" तिसऱ्यांदा आईने विचारलं नाही. मग बारकीने विचारलं, आणि दादा म्हणाला, "मी नाही करणार. शिकवीन हवं तर. बघू तुझी अक्कल."

आईचं विणकाम असं होतं की हातात घेतल्यावर माणूस ते उलटं करून बघायचा आणि उलट बाजूही सुलटीसारखीच निघायची. लहान बाळांची टोपडी, स्वेटर, पायमोजे. शेजारपाजारच्या प्रत्येक बारशाला तिने काही ना काही दिलेलं होतं. सगळे वा वा करायचे आणि घेऊन जायचे. पोटापाण्यासाठी मात्र ती काकूच्या कापडदुकानात उभी राहायची. गिऱ्हाइकासमोर उलगडलेल्या कापडाच्या घड्या घालणं हे तिचं काम. काकू गल्ल्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "ही आमची धाकटी जाऊ. कात्रीवर हात चालत नाही, पण घड्या झकास घालते." लोक हसायचे. आईही हसायची.

वेबसाईटचं कळल्यावर काकू म्हणाली होती, "पहिली ऑर्डर आली की मला दाखव हो. चौकटीत लावू." आणि पाठोपाठ हेही सांगितलं होतं, की हंगाम तोंडावर आलाय, पुढच्या महिन्यापासून दिवसभर यायचं असेल तर ये, नाहीतर मी दुसरी मुलगी बघते. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, असं चालणार नाही.

बारकीने चौकटी भरायला घेतल्या. नाव या चौकटीपाशी ती अडली. खोटं नाव सुचेना. मग तिने लिहिलं, ‘बाळाची आई’. पत्त्याची चौकट रिकामी सोडली तर पान पुढे सरकत नव्हतं. तिने शाळेच्या वाटेवरची पाण्याची टाकी आठवली आणि लिहिलं, ‘टाकीमागची गल्ली’. शेवटी एक मोठी चौकट होती, ‘आणखी काही सांगायचं आहे का?’ इथे तिला मजा वाटायला लागली. तिने लिहिलं: ‘टोपडं, स्वेटर, पायमोजे असा पूर्ण संच हवा. आमचं बाळ फार लहान आहे. त्याला थंडी सोसत नाही.’ उत्तरासाठी दादाने चाचणीपुरतं एक ईमेल खातं उघडून दिलं होतं, तेही तिने घातलं. आणि बटण दाबलं.

पडद्यावर आलं, ‘तुमची मागणी नोंदवली आहे. आभारी आहोत.’ हे आभारही तिनेच लिहिलेले होते.

ती ऑर्डर काढून कशी टाकायची हे विचारायला ती दादाकडे वळली, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला साबणाचा फेस, आणि त्याच हातात मोबाइल. ऑर्डर आली की आईच्या मोबाइलवर निरोप जावा, ही सोय दादानेच लावून दिली होती. तो ती विसरला होता की नाही, हे बारकीला कधीच कळलं नाही.

"बारके, हे बघ गं काय आलंय," आई म्हणाली. तिने पडद्यावर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "‘त्याला थंडी सोसत नाही.’ किती मायेने लिहिलंय बाईने."

बारकीने तोंड उघडलं.

"अभिनंदन, आई," दादा पलंगावरून म्हणाला. "चाललं म्हणायचं तुमचं दुकान."

आई तिथेच जमिनीवर बसली. मोबाइलला लागलेला फेस तिने पदराने पुसला, पुन्हा वाचलं. मग तिने काकूला फोन लावला.

"ताई, मी पुढच्या महिन्यापासून नाही यायची. नाही नाही, खरंच आलीय. पूर्ण संच आहे."

काकूचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "एका टोपड्यावर काम सोडतेस? तुझी मर्जी. परत आलीस तर तीच जागा मिळेल असं मात्र धरून चालू नकोस."

"नाही धरत," आई म्हणाली. बारकीने तिला काकूशी इतक्या ताठ आवाजात बोलताना आजवर ऐकलं नव्हतं.

आई आत गेल्यावर बारकी पलंगापाशी आली. "दादा, सांगू या ना तिला."

"सांग की. ऑर्डर तूच टाकलीयस."

"तू म्हणालास म्हणून."

"मी म्हणालो, टाक आणि काढून टाक. काढलीस?" त्याने कूस बदलली. "राहू दे चार दिवस खूश. आपल्या बापाचं काय जातंय?"

चार दिवसांनी आईने पिवळ्या स्वेटरची पाठ विणून पूर्ण केली होती. तिने तिचा फोटो काढून ‘बाळाच्या आई’ला पाठवला: ‘रंग पसंत आहे ना?’ तो अर्थातच लॅपटॉपवरच्या त्या चाचणीच्या खात्यात आला. दादाने बारकीला बाजूला सारलं आणि स्वतः टाइप केलं: ‘पिवळा नको. पिवळ्यात बाळ आजारी दिसतं.’

"दादा, नको ना."

"गिऱ्हाईक कसं वागतं ते शिकायला नको? का नुसती बटणंच करणार आयुष्यभर?"

बाहेरच्या खोलीत आईने निरोप वाचला. थोडा वेळ तिने ती पाठ मांडीवर सपाट करून धरली. मग एक टोक शोधलं आणि ओढलं. विणायला चार दिवस लागलेलं उसवायला चहा निवेपर्यंतचा वेळही लागत नाही. उसवलेली लोकर कुरळ्या केसांसारखी वेडीवाकडी राहते. ती ओली करून, खाली वजन बांधून वाळवावी लागते. ती पिवळी लोकर दोन दिवस न्हाणीघरात लोंबत होती. आईने हिरवी सुरू केली.

हिरव्याच्या वेळी दादाने लिहिलं, ‘गळा घट्ट वाटतोय.’

"बरोबर आहे त्यांचं," आई उसवता उसवता म्हणाली. "एवढासा जीव. गळ्याशी घट्ट नकोच." बाही बेतताना ती बारकीला जवळ बोलवायची आणि तिच्या मनगटावर चढवून बघायची. "हलू नकोस. बाळ तुझ्याहून शहाणं असेल."

दादा दुसऱ्या खोलीत तोंडावर उशी दाबून हसायचा.

खात्याचा पासवर्ड बदलता येतो, हे बारकीने तोवर शिकून घेतलं होतं. एक दिवस दादा आंघोळीला गेलेला असताना तिने तो बदलला. बाहेर आल्यावर त्याने दोन-तीनदा बोटं आपटली आणि मग तो तिच्याकडे बघून हसला. "आलं म्हणायचं थोडंफार. बरं, आता तूच सांभाळ. आणि स्वेटर झाल्यावर तो कुठे पाठवायचा, तेही तूच बघ."

तेव्हापासून ‘बाळाची आई’ प्रेमळ झाली. ‘हिरवा छान दिसतोय. घाई करू नका.’ आई उत्तर लिहायची, आणि तिची उत्तरं दिवसेंदिवस लांबत गेली. ‘बाळ रात्री झोपतं का? माझी मुलगी झोपायची नाही. मी तिला मांडीवर घेऊन विणायची, सुयांच्या आवाजाने झोप लागायची तिला.’ बारकीला हे ठाऊक नव्हतं. ती शेजारच्या खोलीत बसून ते वाचायची आणि लिहायची, ‘आमचंही झोपत नाही.’ मग आई सांगायची, पाठीवरून हात कसा फिरवायचा. मग बाळ झोपायला लागलं. त्याने मूठ तोंडात घालायला सुरुवात केली. एकदा ते आवाज करून हसलं. ते हसल्याचं आईने जेवताना दोघांना वाचून दाखवलं, आणि दादाने पाण्याचा पेला तोंडाला लावून डोळ्यांनी बारकीला शाबासकी दिली.

एकदा आईने लिहिलं: ‘तुमच्यामुळे मी दुकान सोडलं. तिथे मला कुणी बरं म्हणत नसे. तुम्ही परक्या असून म्हणालात. हे उगाच लिहिलं, रागावू नका.’

बारकीने लॅपटॉप मिटला आणि ती आईपाशी जाऊन बसली. आई म्हणाली, "उजेड अडवू नकोस."

स्वेटर संपत आला. फक्त पायमोजे राहिले होते. आईने सुया खाली ठेवून बोटं मोडली आणि म्हणाली, "टाकीमागची गल्ली म्हणजे काय लांब आहे? पार्सल कशाला करायचं? रविवारी मीच नेऊन देते. बाळालाही बघून येईन."

बारकी उठली आणि आतल्या खोलीत गेली. दादा घरात नव्हता.

तुम्ही तिच्या जागी असतात तर काय केलं असतं? आईला खरं सांगितलं असतं, असं तुम्ही म्हणाल. बारकीही ते म्हणत होती, रोज, शाळेत जाताना आणि येताना. पण खरं सांगायचं म्हणजे फक्त ऑर्डर खोटी होती एवढंच सांगायचं नव्हतं. पिवळी पाठ, हिरवा गळा, मूठ, हसणं, सगळं सांगावं लागलं असतं. आणि आईने जे परक्या बाईला म्हणून लिहिलं होतं, ते कुणी वाचलं, हेही. तेव्हा बारकीने ठरवलं, की ऑर्डर रद्द करायची. पण कारण काय द्यायचं?

तिने लिहिलं, ‘आम्हाला आता आवडत नाही.’ आणि पुसलं. आई स्वतःच्या हातांना दोष देईल. तिने लिहिलं, ‘दुसरीकडे मिळालं.’ पुसलं. काकूला कळलं तर ती गल्ल्यावर बसून वर्षभर हसेल. तिने लिहिलं, ‘आम्ही दुसऱ्या गावी चाललो.’ पुसलं. आई नवा पत्ता मागेल आणि पोस्टात जाऊन उभी राहील. ज्यात आईची काहीच चूक नसेल आणि ज्यानंतर आई पुढे काही विचारणार नाही, असं कारण हवं होतं. असं एकच होतं. ते लिहायला फार शब्द लागले नाहीत.

‘बाळ गेलं. आता काही नको.’

तिने ते पुसलं नाही. पाठवायचं बटण दाबलं.

बाहेर आईचा मोबाइल वाजला. बारकी दारात आली तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवरचा लोकरीचा गुंडा घरंगळत कपाटाखाली गेला होता, तो तिने ओढून घेतला नव्हता.

"बारके," ती म्हणाली, "परवा हसलं होतं गं ते."

संध्याकाळी दादा आला. आईने त्याला सांगितलं. तो आत आला, दार लोटून उभा राहिला.

"तू लिहिलंस?"

बारकीने हो म्हणून मान हलवली.

"मी नुसता रंग बदलायला सांगत होतो," तो म्हणाला. यावेळी तो हसला नाही. त्याने लॅपटॉप बंद केला, वायर गुंडाळली आणि तो आपल्या कपाटात नेऊन ठेवला. "यापुढे याला हात लावायचा नाही. आणि आईला काही बोललीस तर बघ. मला यात ओढू नकोस."

दुसऱ्या दिवशी आई दुकानात गेली. बारकी शाळा सुटल्यावर तिथे पोचली, तेव्हा काकू गिऱ्हाइकाला सुटे देत होती आणि आई गल्ल्यासमोर उभी होती.

"काय, कसं आहे तुझं इंटरनेटवरचं बाळ?" काकूने मान वर न करता विचारलं.

"गेलं," आई म्हणाली.

काकूचा हात थांबला. तिने आईकडे पाहिलं, मग बारकीकडे. "आगाऊ रक्कम घेतली होतीस का?"

"नाही."

"तेच." तिने गल्ल्याचा खण लोटला. "घड्यांना मी मुलगी ठेवलीय. चुणचुणीत आहे, आणि हिशेबही येतो. तू सकाळी झाडायला ये हवं तर. दुकान उघडायच्या आधी ये मात्र. गिऱ्हाइकासमोर झाडू बरा दिसत नाही."

"येते," आई म्हणाली.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने कपाटाखालचा गुंडा काढला, धूळ झटकली आणि पायमोजे विणायला घेतले. बारकीने विचारलं, आता कशाला. आई म्हणाली, "अर्धवट नाही ठेवायचं." शनिवारी तिने सगळा संच कोमट पाण्यात धुतला, पाटावर आकार देऊन वाळवला, आणि टोपड्याच्या आत पायमोजे घालून, स्वेटरमध्ये टोपडं घालून, एका कापडी पिशवीत ठेवला.

रविवारी तिने ठेवणीतले कपडे काढले.

"चल."

"कुठे?"

"टाकीमागे."

"कशाला जायचं, आई? त्यांना त्रास होईल."

"त्रास कसला? माणूस दारात आलं की बरं वाटतं. इतक्या दिवसांची ओळख आहे आमची." आईने चपला घातल्या. "त्याच्यासाठी केलेलं होतं. त्याच्या आईकडेच राहायला हवं. चल, तुला ती गल्ली माहीत आहे."

टाकीमागची गल्ली बारकीने याआधी लांबूनच पाहिली होती. दोन्ही बाजूंना बैठी घरं, मध्ये उघडं गटार, एका दारात एक माणूस बादली घेऊन स्कूटर धूत होता. आई गल्लीच्या तोंडाशी थांबली.

"घर कुठलं ते लिहिलेलं नाही. त्यांना विचारू या." ती स्कूटरवाल्याच्या दिशेने निघाली.

बारकीने गल्लीत नजर फिरवली. एका खिडकीत बाई डोकं विंचरत होती. एका ओट्यावर म्हातारा बसला होता. त्यापलीकडे एक निळं दार होतं, आणि त्याला कुलूप होतं.

"विचारायला नको," ती म्हणाली. "ते निळं दार."

"तुला कसं माहीत?"

"त्यांनी मला लिहिलं होतं."

आईने तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. दोघी त्या दारापुढे जाऊन उभ्या राहिल्या. कुलपावर गंज चढला होता, उंबऱ्याशी वाळकी पानं साचली होती. आईने ती पानं पाहिली, कुलूप पाहिलं.

"गेले असतील कुठेतरी," ती हळूच म्हणाली. "अशा वेळी नाही राहवत घरात."

स्कूटरवाल्याने फडकं पिळता पिळता हाक दिली. "कोण पाहिजे? ते घर बंद असतं."

"हो, माहीत आहे आम्हाला," आई म्हणाली. घरच्यासारखी म्हणाली. तो माणूस पुन्हा आपल्या कामाला लागला.

आईने पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. ती तिने कडीपर्यंत नेली आणि मागे घेतली. पुन्हा नेली. तिसऱ्यांदा तिने ती बारकीपुढे केली.

"तू अडकव गं. माझ्याने नाही होत."

बारकीने पिशवी घेतली. ती अगदी हलकी होती. तिने टाचा उंचावल्या, पिशवीचे बंद कडीतून ओवले, गाठ मारली, आणि ती सुटू नये म्हणून वर आणखी एक मारली.